लहानीचा कामठा

धाकट्या जावेच्या हातात मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, वाकस दिला, तेव्हा मी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होते. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. आमच्या घरात त्यांच्याखेरीज त्याला कोणी हात लावत नसे. माझा नवरासुद्धा नाही. आणि ही घरात येऊन जेमतेम चार महिने झालेले.

"घे पोरी," मामाजी म्हणाले, "जोर नको लावू. त्याच्या वजनानंच पडू दे."

तिनं ओढणी कमरेला आवळली, पाय जरा फाकवून उभी राहिली आणि पहिलाच घाव असा बसवला की पातळ, लांब ढलपी सुटून माझ्यापर्यंत उडाली. मामाजी हसले. मोठ्यानं, तोंड उघडून. मी हातातली जुडी इतकी आवळली की देठं मोडली.

आमचं घर कामरगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मागं भाजीपाल्याचा मळा: वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पोट त्याच्यावर. धनुष्यं करणं हा मामाजींचा एकट्याचा नाद. तरुणपणी डोंगराकडच्या एका म्हाताऱ्याजवळ राहून ते शिकले होते. आमच्याकडे धनुष्याला कामठा म्हणतात. पूर्वी दसऱ्याला, रामनवमीच्या देखाव्याला लोक एखाददुसरा मागून नेत. मग तालुक्याच्या गावी तिरंदाजीचं मैदान सुरू झालं आणि तिथले सर शिकाऊ मुलामुलींसाठी मामाजींचे कामठे न्यायला लागले. तेव्हापासून त्यांच्या नादाला मान आला.

लाकूड धामणीचं. साप नव्हे, झाड. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि शेजारच्या दोन शेतांत मिळून पाच-सहा झाडं आहेत. सरळ फांदी तोडायची, पाचर ठोकून उभी फोडायची, टोकांना शेणमाती लिंपायची आणि वर्ष-दीड वर्ष सावलीत सुकवायची. मग तासणं, कानस मारणं, काचेच्या तुकड्यानं खरवडणं, शेवटी जवसाचं तेल.

यातलं तासणं सोडून बाकी बरंचसं माझ्याकडं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात बाई मी एकटीच, म्हणून मामाजी हाक मारायचे, "मोठे, तेल आन." "मोठे, काच आन." दुपारी मळ्यातलं काम उरकलं की मी त्यांच्यासमोर बसून कामठे खरवडायची. तेल तर मीच लावायची. तेल लावायला फडकं चालत नाही, तळहात लागतो. अकरा वर्षं मी ते करत होते, आणि तासायला द्या असं म्हणायची हिंमत एकदाच केली होती. मामाजी म्हणाले होते, "तुया कामाची गोष्ट नाई ते." मी त्यावर पुन्हा बोलले नाही. मला वाटलं होतं, बाईमाणसाला देत नसतील. तसं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

लहानी, म्हणजे ही धाकटी जाऊ, रिसोडकडची. कॉलेजात असताना तिरंदाजी खेळायची, बांबूच्या धनुष्यावर. माझ्या दिरानं लग्नाआधी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले होते, की आता हा नीट राहील. ती घरात आली त्याच्या तिसऱ्या दिवशी भिंतीवरचा एक तयार कामठा तिनं काढला, दोरी चढवली, हलकेच अर्धा ओढून सोडून न देता परत आणला आणि म्हणाली, "मामाजी, खालची बाजू नरम हाये का जराशी?"

मी मनात म्हटलं, झालं, आता ऐकते ही. मामाजींच्या कामठ्याला नाव ठेवलेलं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण मामाजी उठले. कामठा हातात घेतला, खुंटीला अडकवून दोरी खाली ओढली, लांब जाऊन पाहिलं. मग म्हणाले, "खरं हाये. तुले कसं समजलं?"

"हातात वळते ना तो. बाण वर चालला असता."

मामाजींनी आयुष्यभर कामठे केले, पण ते स्वतः नेमबाज नव्हते. त्यांच्या कामठ्याचं पुढं काय होतं, हे त्यांना सरांच्या बोलण्यातून तेवढं कळायचं. आणि आता घरातच एक पोरगी आली होती, जी कामठा ओढून त्याची खोड सांगत होती. मला आज त्यांचा आनंद समजतो. तेव्हा समजत नव्हता असंही नाही. समजत होता म्हणूनच आतून पेटत होतं.

पुढं रोजचंच झालं. कामठा खुंटीला टांगून ओढला की दोन्ही बाजू सारख्या वाकतात की नाही हे पाहावं लागतं. लहानी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढायची आणि संथ करून मामाजींना दाखवायची. म्हातारा डोळ्यांजवळ मोबाईल धरून लहान लेकरासारखा पाहायचा. धुऱ्यावर लाकूड निवडायला ते तिला सोबत नेऊ लागले. परत आले की दोघांच्या गप्पा संपत नसत. मी चहा देऊन उभी राहायची आणि कोणी मला काही विचारत नसे.

मीही गप्प बसले नाही. दोघं कामाला बसली की मला नेमकं तेव्हाच आठवायचं की पालक निवडायचा आहे, वांग्याला पाणी द्यायचं आहे. "लहाने, हे कोण करन?" ती एक शब्द न बोलता उठायची आणि काम भराभर करून परत जाऊन बसायची. तिचं ते न चिडणं मला जास्त झोंबायचं. एकदा नवऱ्याजवळ बोलले, "तुमच्या बापाले लहानीच दिसते आजकाल." तो म्हणाला, "मंग तुले काय कामठा मारायचा हाये का?" आणि कुशीवर वळला.

दिवाळीनंतर मामाजींनी ठरवलं की लहानीसाठी तिच्या उंचीचा, तिच्या हाताचा एक कामठा करायचा. तिनं पुन्हा मैदानावर जावं, खेळावं असं त्यांच्या मनात होतं. लाकूड काढलं ते दोन वर्षं सुकलेलं, सर्वांत सरळ. त्या लाकडाची दर महिन्याला मी कूस बदलत आले होते. टोकांची माती तडकली की नवी लिंपत आले होते. त्यांनी ते तिच्यापुढं ठेवलं. अर्धं तिनं तासलं, अर्धं त्यांनी. महिनाभर दोघं त्याच्या मागं होती.

मग एका दुपारी नेहमीसारखी हाक आली, "मोठे, याले तेल लाव."

मी वाटीत जवसाचं तेल घेऊन बसले. मामाजी आत पडले होते, लहानी दिरासोबत बाजारात गेली होती. कामठा सुंदर झाला होता, हे मला खोटं सांगता यायचं नाही. मुठीजवळ भरीव, टोकांकडे निमुळता होत गेलेला. मी पाठीवरून तळहात फिरवला.

इथं थोडं सांगायला हवं. कामठ्याची पाठ म्हणजे झाडाच्या सालीकडची बाजू. ओढताना सगळा ताण तिच्यावर येतो. म्हणून साल काढल्यावर तिच्याखालचा लाकडाचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवावा लागतो. कुठं हत्यार खोल गेलं, धागा कापला गेला, की ओढताना तिथूनच खपली उचलते आणि कामठा मोडतो.

वरच्या बाजूला, मुठीपासून वीतभर अंतरावर, माझं बोट अडलं. मी थांबले. पुन्हा फिरवलं. केसाएवढं काहीतरी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, उन्हात धरून पाहिलं तरी नाही. पण तेल पडलं तशी ती रेघ बोटाला आणखीच लागू लागली. धागा कापलेला होता.

असं आधीही झालं होतं. अकरा वर्षांत कितीतरी वेळा. मी म्हणायची, "मामाजी, इथं बोट लागून राह्यलं," आणि ते घेऊन जायचे, पाहायचे, कधी कानस मारून सगळी पाठ एक धागा खाली आणायचे, कधी तो कामठा चुलीत घालायचे. तेवढंच बोलणं व्हायचं आमचं.

त्या दिवशी मी बोलले नाही. तेल पूर्ण चोळलं. दोनदा. कामठा भिंतीला लावून ठेवला आणि हात धुतले. माझ्या मनात तेव्हा ती पडावी, तिला लागावं असं नव्हतं. हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत नाही, मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. माझ्या मनात होतं ते एवढंच, की मामाजींसमोर, सगळ्यांसमोर हा मोडावा. या दोघांचा कामठा मोडावा. पण कामठा मोडतो तेव्हा तो कोणाच्या तरी हातात असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळे जमले. शेवग्याच्या झाडाला गवताची पेंढी बांधली होती. लहानीनं दोरी चढवली, पहिले दोन बाण अर्ध्या ओढीनं मारले. दोन्ही पेंढीत. दिरानं टाळ्या वाजवल्या. मामाजी म्हणाले, "आता पुरा ओढ."

मी दारात उभी होते. तोंड उघडलं होतं मी. 'थांब' हा शब्द जिभेवर आला होता, हेही खरं. तेवढ्यात काड्कन आवाज झाला.

वरचा तुकडा दोरीसकट मागं आला आणि तिच्या कपाळावर बसला. ती खाली बसली, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांतून रक्त. मीच आधी धावले. पदर दाबून धरला. भुवईच्या वर फाटलं होतं, डोळा वाचला होता. पण ते आम्हाला दवाखान्यात टाके घातल्यावर कळलं. ऑटोत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, "बाई, डोया हाये ना माया?" मी म्हणत होते, "हाये, हाये." मला स्वतःच्या आवाजाची किळस येत होती.

घरी आलो तर मामाजी अंगणातच बसलेले. मोडलेले दोन्ही तुकडे त्यांच्यापुढं. मोडलेल्या जागी बोट फिरवत होते.

"धागा कापला होता," ते म्हणाले. "मले दिसला नाई. मायानं आता होत नाई."

त्यांनी वाकस, कानशी, काचेचे तुकडे सगळं पोत्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. सरांचा फोन आला तर सांगितलं, दुसरीकडून घ्या. लहानीनं समजावलं, दिरानं समजावलं. ते ऐकत नव्हते. मळ्यात येऊन बसायचे, पण कामाला हात लावायचे नाहीत. भाजी घेऊन जाणाऱ्या माणसानं विचारलं, काय बावाजी, कामठे बंद काहून, तर म्हणाले, "आंधळ्यानं पोरीचा डोया घेतला असता." जेवण अर्ध्यावर आलं. ते असे खचतील असं मला वाटलंच नव्हतं. मला त्यांचा अभिमान थोडा मोडलेला पाहायचा होता, आणि माझ्यासमोर एक म्हातारा रोज थोडा थोडा बसत चालला होता.

आणि इतकं होऊनही माझा जळफळाट गेला नव्हता. लहानीच्या कपाळावरच्या पट्टीकडं पाहून मामाजी डोळे पुसायचे, तेव्हा मला वाटायचं, माझं बोट काचेनं कापलं होतं तेव्हा यांनी हळदीची पुडीसुद्धा विचारली नव्हती. माणसाचं मन इतकं खालचं असतं हे मला त्या दिवसांत कळलं.

दोन महिने काढले. मग एक दिवस मेथीच्या वाफ्यात आम्ही दोघीच होतो. ती खुरपत होती. ऊन पडलं की तिच्या भुवईवरचा व्रण चमकायचा. मी खुरपं खाली ठेवलं आणि सांगितलं. कुठं बोट लागलं, किती वेळा फिरवलं, का बोलले नाही, सगळं.

तिचं खुरपं थांबलं. मग म्हणाली, "तुमाले मालूम होतं?"

"हो."

"अन् तुमी दारात उभ्या होत्या?"

"हो."

ती उठली. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी तुमाले बाई बाई करून राह्यली. मायी माय इथं नाई म्हून तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं त्या दिवशी." मग ती वाफ्यातून चालती झाली. बांधावर थांबून, मागं वळून न पाहता बोलली, "मामाजीले तुमीच सांगा. मी नाई सांगणार. अन् तुमी नाई सांगतलं तर मी तुमच्या हातचं पाणी नाई पिणार."

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मी मामाजींना सांगितलं. ते खाटेवर बसले होते, मी खाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुले बोटाले लागलं होतं?"

"हो मामाजी."

"अन् तू पोरीच्या हातात जाऊ देला?"

मी मान हलवली. त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. आठ दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. लहानी करून द्यायची. नवऱ्याला कळलं, तोही बोलेना. मी माहेरी निघून जावं असं मनात आलं, पण तिथं तरी काय सांगणार होते?

नवव्या दिवशी मी भांडी घासत होते तर मामाजी मागं येऊन उभे राहिले.

"मोठे, याच्या आंधी तू किती बार मले म्हटलं असन, इथं बोट लागते म्हून?"

"मोजलं नाई मामाजी. लय बार."

"अन् मी दर बार पाह्यलं. मले दिसत होतं का?"

मी भांडं घासतच राहिले. कारण मला ठाऊक होतं, गेली तीन-चार वर्षं ते माझ्या बोटाची जागा नुसती चाचपून मान हलवायचे.

"नव्हतं दिसत," ते म्हणाले. "मी समजत होतो मीच पाहून राह्यलो." त्यांच्या बोलण्यात माया नव्हती, राग अजून होता. "तू केलं ते वाईटच केलं. ते मी विसरणार नाई. पण कामठे करायचे असले तर तुयाबिना होत नाईत, हेबी खरं हाये. पोतं काढ माळ्यावरून."

पोतं मी काढलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला तासायला शिकवलं. मी लहानीइतकी सरळ तासत नाही, अजूनही नाही. माझा घाव घाबरत पडतो आणि दोन घावांचं काम चार घावांत होतं. मामाजी ते लपवत नाहीत. "लहानीचा हात पाह्य," म्हणतात, आणि मी पुन्हा तशीच जळते. लहानी माझ्याशी कामापुरतं बोलू लागली होती. तेल लावून झालं की कामठा मी तिच्याकडं द्यायची आणि ती विचारायची, "पाह्यला ना नीट?" दर वेळी विचारायची. मी दर वेळी म्हणायची, "पाह्यला." एवढं ऐकून घेण्याची शिक्षा मला मान्य होती.

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेला पहिला कामठा तयार झाला तेव्हा तो द्यायला आम्ही दोघी तालुक्याला गेलो. सोबत भाजीची दोन गाठोडीही होती. मैदानावर लहानीनं तो ओढला. पुरा ओढला. मी डोळे मिटून घेतले होते. बाण लागल्याचा आवाज आला तेव्हा उघडले.

सर कामठा हातात घेऊन फिरवून पाहत होते. "हा बावाजींचा नाही वाटत. कोणी केला?"

"आमच्या बाईनं," लहानी म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं.

सर मला म्हणाले, "छान आहे. तुम्ही मारता का बाण?"

"नाई," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले आणि लहानीकडं वळले. मग तिची ओढ, तिचा खांदा, ती पुन्हा सरावाला येईल का, जिल्ह्याच्या स्पर्धेला उतरेल का, याच्यावर अर्धा तास. मी गाठोड्याजवळ उभी. सांभार उन्हानं माना टाकत होता. कामठा माझा, आणि बोलणं सगळं तिचं.

परत येताना जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मी ठरवून बोलले. न बोलल्याचं काय होतं ते एकदा पाहिलं होतं.

"लहाने, मी अजून जळते तुयावर. आजबी जळलं. तिथं उभं राहून."

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. सोयाबीन काढून झालेली रानं मागं जात होती.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तुमचं तोंडच सांगते." मग माझ्याकडं पाहिलं. हसली नाही. "जळा. पण आता बोलून जळत जा."

ती आठवड्यातून तीन दिवस मैदानावर जाते आता. ती जाते त्या दिवशी वांगी तोडायचं काम माझ्यावर पडतं, आणि मी ते तिला ऐकवल्याशिवाय राहत नाही.